डिस्टेंपर आणि तवशी

पाळी गावात भर पावसाळ्यात एकही तवशं न लागलेलं अंगण एकच आहे, आणि त्यामागच्या घरावर माझ्या नावाची पाटी आहे.

तवशं म्हणजे काकडी. शहरात कोशिंबिरीसाठी मिळते ती बोटभर जाडीची नव्हे. आमचं तवशं कोपरापासून मनगटापर्यंत लांब, आणि घरात आणलं की मेजावर त्याला जागा करून द्यावी लागते. ते आमच्याकडे कुणी वाढवत नाही, ते आपलं आपण वाढतं. गोठ्याच्या छपरावर चढतं, विहिरीच्या कठड्यावरून लोंबतं. खाणी बंद पडल्या तेव्हा गावात एकाच्या उभ्या ट्रकावर वेल चढला होता आणि ड्रायव्हरच्या जागेवर तवशी बसली होती! अशा गावात मी जन्मात पहिल्यांदा तवशी लावली, आणि ती आली नाहीत. याला कौशल्य लागतं.

तसा मी शेतकरी नव्हे. सुर्ल्याच्या खाणीवर सव्वीस वर्षं ट्रकांच्या ट्रिपा मोजल्या. ट्रक आला की वहीत रेघ, गेला की रेघ. अंगण, मांडव, वेल हा सगळा कारभार माझ्या बायकोचा, शालनचा. मी फक्त ताटात पडलेलं तवशं ओळखायचो. (तेही मीठ लावलेलं असेल तर.)

शालन जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा नितीन बंगळुरात. घरात मी, टीव्ही आणि एक घड्याळ. घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, पण ते शालनने केलेलं असल्यामुळे मी मागे घेत नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो आणि सवयीने अजून दोन उंडे हातात ठेवतो. ‘एकच दे’ असं म्हणायचं मी रोज ठरवतो आणि रोज दोन घेतो. एक खातो. दुसरा दुपारपर्यंत मेजावर असतो, मग शेजारच्या कोंबड्यांकडे जातो. त्या कोंबड्या आता भोंगा वाजला की माझ्या दारात येऊन उभ्या राहतात. दिवसातले माझे पहिले पाहुणे ते.

‘घरात काहीतरी बदल करा, मन रमेल,’ असं जो तो सांगायचा. म्हणून शिगमो, म्हणजे आमची होळी, झाल्यावर मी स्वयंपाकघराला डिस्टेंपर मारून घेतला. चुलीवरची भिंत धुराने काळी झाली होती आणि तिला हाताएवढ्या शेणाच्या चार वाळक्या चकत्या चिकटलेल्या होत्या. शालनने भिंतीच्या भेगा बुजवल्या असणार असं मी धरून चाललो. पेंटर म्हणाला, “काका, ह्यो निघनात.” तो बेळगावकडचा, त्याच्या हातात जोर नव्हता असं नाही, पण माझ्या हातात जास्त होता. मी खुरपं घेतलं, स्टुलावर चढलो आणि चारही चकत्या खरवडून खाली पाडल्या. वर पांढरा शुभ्र डिस्टेंपर! भिंत इस्पितळासारखी दिसायला लागली. मी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवली. (येणारे-जाणारे म्हणजे गॅसवाला.) ह्या चकत्या ध्यानात ठेवा.

नितीनचा फोन दर रविवारी अकरा वाजता येतो. चित्र दिसणारा. चार मिनिटं चालतो. जेवण, गोळ्या, पाऊस, एवढंच.

“बाबा, जेवण?”

“जातलें.”

“गुळयो?”

“घेतल्यो.”

“पावस?”

“आसा.”

मग आम्ही एकमेकांकडे बघत बसतो. शेवटी पडद्यावर माझी नात ईरा नाक आणते, मला तिची एक नाकपुडी दिसते, ती “आजो, टाटा!” म्हणते आणि माझा रविवार संपतो.

जूनमधल्या अशाच एका रविवारी, पावसाचं बोलून झाल्यावर, नितीनने घसा खाकरला.

“बाबा, औंदूं चवथ करुंया. पूण दीड दिसाची.”

आमच्याकडे चवथ म्हणजे गणपती, आणि आमचा गणपती पाच दिवसांचा. शालन गेली त्या वर्षी आणला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी माझाच पाय मोडला होता. म्हणजे यंदा दोन वर्षांनी मखर बाहेर निघणार होतं.

“दीड? आमचो पांच दिसांचो न्ही रे?”

“भटाक विचारलां हांवें. चलता म्हण सांगलें ताणें.” (बघा! मला विचारायच्या आधी भटजींना विचारून झालं होतं.) “म्हाका रजा ना बाबा. आनी आई ना. माटोळेचें सामान कोण एकठांय करतलो?”

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं आणि अंगणातल्या भाज्या बांधतात. शालन बाकी सगळं बाजारातून आणू द्यायची, पण तवशं घरचंच लागायचं. त्यावर तडजोड नव्हती.

इथे मला सरळ सांगितलं पाहिजे. पाच दिवसांचा गणपती हवा असं मी म्हणत होतो, पण मला पाच दिवसांची माणसं हवी होती. गणपती गेला की माणसं जातात. दीड दिवसात तर बॅगासुद्धा पुऱ्या उघडत नाहीत.

आणि मग मी बोलून गेलो, “माटोळेक कितें जाता? तवशीं घातल्यांत हांवें अंगणांत.”

“तुमी?”

“हांव! मांडव घातला मोठो.”

पडद्यावर सून आली, ईरा आली, तिघंही माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी पंचायतीत निवडून आलोय. ईराने विचारलं, “आजो, मी काढू एक? माझ्या हातान?” फोन अकरा मिनिटं चालला!

“मागीर पांच दीस?” मी विचारलं.

“बघूया,” नितीन म्हणाला. आमच्या घरात ‘बघूया’ म्हणजे नाही. हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचललेला आहे, लहानपणी सायकल मागायचा तेव्हा.

फोन ठेवला आणि मी डिचोलीची बस पकडली. कारण अंगणात मांडव नव्हता, वेल नव्हता आणि घरात बी नव्हतं.

दुकानातून पाकीट आणलं. पाकिटावर तवशी छापलेली होती, म्हणजे माल खरा. अंगणात एक खड्डा खणला, शेणखत टाकलं आणि पाकीट उलटं केलं. सगळं! उरवून ठेवायचं कशाला? आठवड्याने त्या एका खड्ड्यातून सत्तेचाळीस रोपं वर आली, खाणीवर पगाराच्या दिवशी खिडकीपुढे गर्दी व्हायची तशी. मी मोजली, वहीत लिहिली. खाणीवरून आणलेल्या कोऱ्या वह्या अजून घरात आहेत. ‘रोपे ४७. हवा ढगाळ.’

आता माझ्या शेजारणीची ओळख करून देतो. सत्यवतीवहिनी. कुंपणापलीकडचं घर. शालनची जिवाभावाची मैत्रीण. शालन गेल्यापासून ती माझ्याशी फारशी बोलत नाही. भांडण नव्हे. तिला काय बोलावं कळत नाही आणि मलाही. दोघंही कुंपणाशी आलो की हवेबद्दल बोलतो आणि घरात जातो. पण त्या दिवशी तिला राहवलं नाही.

“भाऊ, ही भाजी घातल्या?”

“तवशीं तीं.”

तिने रोपांवरून नजर फिरवली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, “तीन दवरात. हेर उपटून उडयात.”

चव्वेचाळीस रोपं उपटायची! मला होईना. शालनला ‘अगो, दर्यात बोट बुडवून मीठ घालतेस गो भाजीत,’ असं बोलायचो तेव्हा मी कठोर माणूस होतो. आता एक रोप उपटायला मला पाच मिनिटं लागत होती. दिवस गेला. उपटलेली मी ओळीने पायरीवर ठेवली, ती संध्याकाळपर्यंत माना टाकून पडली आणि मला जेवण गेलं नाही.

उरलेली तीन मात्र वाढली. मांडवावर चढली. आणि एका सकाळी दार उघडतो तर काय, पिवळी फुलं! पंधरा-वीस! टवटवीत!

आमच्या देव्हाऱ्यात शालन असताना रोज ताजी फुलं असायची. तिच्यामागे जास्वंदीला कीड लागली, अबोली वाळली, आणि मी देवांना दोन वर्षं नुसती उदबत्ती ओवाळत होतो. देव काही बोलले नाहीत, पण त्यांचे चेहरे मला दिसत होते. आता दारातच फुलं! मी आंघोळ केली, ताम्हण घेतलं आणि झाडून सगळी खुडली. देव्हारा पिवळाधमक झाला. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी मोठ्याने आरती म्हटली आणि कोंबड्या पळाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काही फुलांच्या मागे करंगळीच्या नखाएवढं लव असलेलं बारीक हिरवं काहीतरी होतं. ती मला जास्त शोभिवंत वाटली, म्हणून ती गणपतीच्या तसबिरीला. असे अठरा दिवस! वहीत नोंद आहे: ‘फुले २२. फळ नाही.’ ‘फुले १९. फळ नाही.’ ‘फुले २४. फळ का नाही?’

एकोणिसाव्या दिवशी सत्यवतीवहिनी कुंपणाला येऊन उभी राहिली.

“भाऊ, एक विचारूं? राग येवूंक जायना. तुमी नवस बोलल्यात?”

“कसलो नवस?”

“न्ही म्हळ्यार... अठरा दीस पळयतां हांव. रोज सगळीं फुलां काडून देवाक घालतात. म्हाका दिसलें, शालनवयनीखातीर कितें तरी व्रत धरलां. म्हूण उलयलें ना.”

“व्रत कसलें? फुलां आसात, देवाक घालतां.”

“आनी तवशीं?”

“तींच येनात न्ही!”

वहिनीने कपाळावर हात मारला तो आवाज मला कुंपणाअलीकडे ऐकू आला. “अहो भाऊ, फुलां सगळीं देवाकडेन गेल्यार तवशीं खंयसून येतलीं? फुलाचेंच तवशें जाता!”

सदुसष्ट वर्षांच्या माणसाला हे कुणीच कसं सांगितलं नाही? पण सांगणारी एकच होती, आणि तिला मी कधी विचारलं नव्हतं.

मग वहिनीने फुलांमधले नर-मादी दाखवले. मागे इवलंसं तवशं असेल ती मादी. (म्हणजे तसबिरीला मी अठरा दिवस तान्ही तवशी वाहत होतो! गणपतीने काय विचार केला असेल?) पावसात मधमाश्या येईनात, तेव्हा नराचा पराग हाताने मादीला लावायचा. “मोव हातान,” वहिनी म्हणाली, म्हणजे मऊ हाताने. माझा हात खाणीवरचा. म्हणून मी दाढीचा ब्रश घेतला. रोज सकाळी मांडवाखाली उभा राहून फुलाफुलाला हळूच ब्रश फिरवायचो. पोदेर सायकल थांबवून बघायचा आणि काही न विचारता दोन उंडे ठेवून जायचा. एकदा घाईत तोच ब्रश तोंडाला फिरवला. दाढी झाली, पण दिवसभर मुंग्या माझ्या मिश्यांत काहीतरी शोधत होत्या.

पण जमलं! एक तवशं लागलं. अंगठ्याएवढं झालं, मग वांग्याएवढं. मी त्याच्याशी बोलायला लागलो. घरात दुसरं कोण होतं? सकाळी “कसें आसा?” संध्याकाळी बातम्यांचा सारांश. नवव्या दिवशी ते खालून मऊ लागलं, दहाव्या दिवशी पिवळं पडलं, अकराव्या दिवशी गळून पडलं. माशीने डंख मारला होता. मी त्याला मांडवाखालीच पुरलं आणि जरा वेळ तिथे उभा राहिलो. वहीत काही लिहिलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी रविवार. अकरा वाजता फोन.

“आजो, तवशीं दाखय!”

चवथीला तीन आठवडे होते. मी मांडवाकडे बघितलं. पानं भरपूर, तवशी शून्य. मग कुंपणापलीकडे बघितलं. वहिनीचा मांडव वाकला होता. वहिनी सांखळीच्या बाजाराला गेली होती, हे मी सकाळीच पाहिलं होतं. माणूस चोर होतो तो असाच, सोय असली की!

“रावा हां, मातशें भितर वचचें पडटा,” असं म्हणत मी कुंपणाच्या भोकातून वाकून पलीकडे गेलो. या वयात, लुंगी सावरत, फोन छातीशी धरून. आणि मग मी वहिनीचा मांडव दाखवला. थाटात! “हें पळय. हें पळय. आनी हें तर पळयच!”

मांडवाच्या आतल्या बाजूला एक तवशं होतं, सगळ्यांत मोठं, देठाला लाल चिंधी बांधलेलं. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. एकदा नव्हे, दहादा. थापटलंही.

“ताका लाल रिबन कित्याक?”

“तो... राजा तो. म्हणून.”

“ताचें नांव गुंडू!” ईराने जाहीर केलं. “गुंडू मी काढणार. माटोळीला मी बांधणार. आजो, प्रॉमिस?”

“प्रॉमिस!”

नितीन मागे उभा होता. नुसता बघत होता. फोन पंचवीस मिनिटं चालला. मी बोलत होतो, बोलतच होतो. खत काय घातलं, ब्रश कसा फिरवला, मुंग्या कुठे शिरल्या. इतकं मी दोन वर्षांत बोललो नव्हतो. फोन बंद केला, वळलो, तर मागे डोक्यावर बाजाराची टोपली घेतलेली सत्यवतीवहिनी.

मला वाटलं, आता कुंपण ओलांडल्याबद्दल ऐकावं लागणार. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या बोटाकडे बघत होती.

“भाऊ! बोट दाखयलें? ताका?”

वेलीवरच्या कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नाही, दाखवलं तर ते कुजतं. दाखवायचंच तर बोट वाकवून. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मला दहादा दाखवून झाल्यावर आठवलं.

“आनी हातूय लायलो! तें बियाचें तवशें, भाऊ! चिंधी दिसली ना तुमकां? तें काडूंक ना, खावंक ना. फुडल्या वर्साचें बी तें.”

मी ओशाळून उभा राहिलो. सगळं कबूल केलं. दीड दिवस, पाच दिवस, ईरा, गुंडू, सगळं. वहिनी टोपली खाली ठेवून दगडावर बसली.

“हेर धा व्हरात. पूण तें दिवचें ना. तें शालनवयनीचें बी.”

“शालनचें?”

“तिणेंच दिल्लें म्हाका, आठ वर्सां जालीं. तिच्या कुळारचें. तिची आवय दिताली तिका.” (कुळार म्हणजे माहेर, आवय म्हणजे आई.) मग तिने सहज विचारलं, “तुमी पाकीट कित्याक हाडलें, भाऊ? तुमच्या घरांत आसा न्ही बी. दर वर्सा दवरताली ती. शेणांत घोळून थापताली चुलीवयल्या भिंतीक. चार चकत्यो. धुंवरान कीड लागना.”

चार चकत्या.

मी माझ्या खुरपं धरणाऱ्या हाताकडे बघितलं. शेवटी म्हणालो, “हांवें डिस्टेंपर मारलो.”

वहिनीला कळायला वेळ लागला. मग तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दगडावर, तिच्या बाजूला, बसलो. बराच वेळ आम्ही हवेबद्दल बोललो नाही. शालनबद्दल बोललो. ती मला ‘मीठ मोजणारा’ म्हणायची, हे मला तेव्हा कळलं.

चवथीच्या आदल्या दिवशी तिघं आली. ईरा गाडीतून उतरली ती सरळ मांडवाखाली. “गुंडू! गुंडू खंय?”

मांडवावर फक्त पानं. सूनबाई वर बघत होती, नितीन बॅगा काढत होता, फार सावकाश काढत होता. मी ईराचा हात धरला आणि कुंपणाच्या भोकातून तिला पलीकडे नेलं. गुंडू होता. माझ्या बोटाने कुजला नव्हता. (देवाने अठरा दिवसांच्या फुलांची एवढी तरी परतफेड केली.)

“आजो, हें तुझें ना?” ईराने विचारलं.

“ना.”

“फट मारलीस?”

“मारली. थापच ती.”

तिने विचार केला. “मग काढूया?”

“पिकून हळदुवें जाय मेरेन काडूंक जायना, बाय,” वहिनीने तिला समजावलं. “आनी बोट अशें वांकडें करून दाखोवचें.” ईराने बोट वाकडं केलं आणि पुढचे दोन दिवस ती घरातल्या प्रत्येक वस्तूकडे, माझ्याकडेही, वाकड्या बोटानेच दाखवत होती. वहिनीने दिलेलं दुसरं तवशं तिने माटोळीला बांधलं. गाठ ढिली होती. आरतीच्या मध्येच ते सुटलं आणि भटजींच्या पाठीवर पडलं! ‘चलता’ असं फोनवर सांगणारे भटजी हेच. मला वाईट वाटायला हवं होतं.

दीड दिवस संपला. विसर्जनाला नदीवर जाताना मी नितीनला एकदाच विचारलं. तो म्हणाला, “बाबा, सोमारा ऑफीस.” चिडून म्हणाला नाही. ते जास्त वाईट. संध्याकाळी गाडी गेली. घरात मखर रिकामं, माटोळी अर्धी वाटून झालेली, आणि पाच माणसांना पुरतील एवढ्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या. मी टीव्ही लावला. मग बंद केला. मग पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी पोदेराने दोन उंडे दिले, आणि मी दोन्ही कोंबड्यांना घातले.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, वहिनी कुंपणाच्या भोकातून आली. (तिने आता तिथे एक पायरी टाकली आहे.) हातात गुंडू, हळदीसारखा पिवळा. “हें घेयात. आर्दें बी तुमचें.”

अकरा वाजता फोन आला तेव्हा मी गुंडू चिरून बी धुऊन, राखेत आणि शेणात घोळून बसलो होतो. ईराला सगळं बघायचं होतं. फोन मेजावर टेकवला, स्टुलावर चढलो, आणि चुलीवरच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर पहिली चकती थापली.

ती घसरली. डिस्टेंपरवरून सरळ खाली, माझ्या पायावर.

दुसऱ्यांदा जोराने थापली. दोन क्षण थांबली, मग निघाली ती चहाच्या कपात. तिसरी माझ्या कपाळावर. ईरा खाली लोळून हसत होती, सूनबाई “बाबा, सांबाळात!” म्हणत हसत होती. आणि मग नितीन हसला. आई गेल्यापासून त्याचा हसण्याचा आवाज मी ऐकला नव्हता. चांगला मोठा आहे, माझ्यासारखाच.

हसू ओसरल्यावर तो म्हणाला, “बाबा, त्या दिसा दाखयलो तो माटव सत्यवतीकाकीचो, तें म्हाका तेन्नाच कळ्ळें. फाटल्यान तिचो निळो ड्रम दिसतालो.”

मी शेणाचा हात तसाच धरून उभा. “मागीर सांगलें कित्याक ना?”

“तुमी इतले उलयताले... आई गेल्या उपरांत पयलेच फावट. तुमकां आडावंक मन जालें ना.”

मी भिंतीकडे तोंड केलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच केलं.

“फुडल्या वर्सा पांच दीस?” जरा वेळाने मी भिंतीलाच विचारलं.

“बघूया,” नितीन म्हणाला. पण या वेळी हा शब्द यायला जरा उशीर लागला. मी खाणीवरचा माणूस, मला मोजायची सवय. पुरे चार सेकंद.

फोन झाल्यावर मी खुरपं घेतलं आणि चुलीवरचा डिस्टेंपर हाताएवढ्या चार जागी खरवडला, खालची काळी भिंत लागेपर्यंत. चकत्या बसल्या. परवा तोच पेंटर रस्त्याने जाताना आत डोकावला. “काका, भिंतीला डाग पडलेत. हात मारू काय?” मी खुरपं घेऊन उठलो तसा तो बाहेर पळाला, आणि आता गावभर सांगत सुटला आहे की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, एकटाच स्वयंपाकघरात बसून भिंतीशी बोलतो.

साफ खोटं आहे. भिंतीशी कशाला बोलेन? मी बियाण्याशी बोलतो. भिंत नुसती मध्ये मध्ये ऐकते.